एकेंद्रियाचा घास

दुसऱ्यांच्या लेखनातल्या चुका दाखवायला मला कधी अवघड गेलं नाही. आज मात्र ज्या लेखापासून सुरुवात करायची आहे, तो माझाच आहे.

बारा-तेरा वर्षांपूर्वी दशलक्षण पर्वानिमित्त एक स्मरणिका निघाली. दहा धर्मांवर दहा जणींनी लिहायचं ठरलं होतं. माझ्या वाट्याला आलं उत्तम आकिंचन्य. मी दीड पान लिहिलं. सह्याद्रीच्या उघड्या कातळावर पावसाळ्यात एक निळं इवलंसं फूल येतं, लोक त्याला सीतेची आसवं म्हणतात, एवढी माहिती मला होती. त्याला मूळ नसतं, हेही कुठंतरी वाचलं होतं. मग काय, लेखणी धावली. ना माती, ना घर, ना मूळसुद्धा. कुणाकडून काही न घेता केवळ दवावर जगणारी ही जणू एखादी आर्यिका, असं मी लिहून टाकलं. लेख बायकांना आवडला. आमच्या स्वाध्यायात तो वाचून झाला, एकीनं त्यातली चार वाक्यं बस्तीतल्या फळ्यावर लिहिली. मलाही बरं वाटलं. ते फूल मी तोपर्यंत डोळ्यांनी पाहिलं नव्हतं. एका कॅलेंडरावरचा फोटो तेवढा पाहिला होता.

माझी भाची वनस्पतिशास्त्र शिकलेली. गेल्या वर्षी घरातली जुनी पुस्तकं आवरताना ती स्मरणिका तिच्या हाती लागली. तिनं उभ्याउभ्याच लेख वाचला आणि म्हणाली, "मावशी, त्याला मूळ नाही हे खरं. पण मुळाच्या जागी काय आहे, ते तू लिहिलंच नाहीस की."

"काय आहे?"

"पोटं. शेकड्यानं पोटं. किडे धरून खाणारी."

मी हसले. ती हसली नाही.

रात्री झोप लागेना. चूक झाली याचं दुःख होतंच, पण त्याहून जास्त खटकत होतं ते हे, की माझा लेख ज्यांनी मनापासून वाचला त्यांना मी न पाहिलेली गोष्ट पाहिल्यासारखी सांगितली होती. त्याच स्मरणिकेत पुढचं-मागचं पान उलटलं तर उत्तम सत्य हाही एक लेख होता. म्हणून ठरवलं, आधी जाऊन बघायचं. आणि मग या झाडांबद्दल आजवर कुणी काय लिहिलंय, ते एकदा नीट तपासायचं. माझ्या लेखासकट.

श्रावण संपता संपता, दशलक्षण सुरू व्हायच्या आत, आम्ही निघालो. ह्यांनी गाडी काढली. काकतीहून पहाटे निघून बेळगाव, हिंडलगा, शिनोळी, पाटणे फाटा करत आंबोली. साठ-सत्तर किलोमीटरचा रस्ता, पण शिनोळीनंतर पावसाचा आवाज बदलतो. आंबोलीच्या पुढं चौकुळच्या बाजूला जे उघडे सडे आहेत तिथं आम्ही उतरलो. धुकं इतकं की पुढं गेलेली भाची मधूनच नाहीशी व्हायची.

इथं आधी जमिनीविषयी सांगायला हवं, कारण माझ्या जुन्या लेखात जमीन नव्हतीच. ज्वालामुखी म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढं टोकदार डोंगर आणि त्यातून उसळणारी आग येते. आपला सह्याद्रीही ज्वालामुखीचाच, पण तो तसा नाही. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हा वाहत आला आणि थरावर थर साचत गेला. धिरड्यावर धिरडं ठेवावं तसा. तोच आपला काळा पाषाण. बेळगाव म्हणजे या काळ्या पाषाणाच्या मुलखाची जवळजवळ दक्षिणेकडची हद्द. त्या पाषाणाच्या माथ्यावर लक्षावधी वर्षं पाऊस पडत राहिला. विरघळण्यासारखं जे होतं ते सगळं धुऊन गेलं, आणि लोखंड व अॅल्युमिनियमचा अंश तेवढा मागं राहिला. तो जांभा. आंबोलीला वर्षाला सातशे सेंटिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. अशा जागी कातळावर बोटभर माती टिकली तरी पुष्कळ, आणि त्या मातीतलं सत्त्व दरवर्षी वाहून जाणारच. झाडाला नत्र लागतं, स्फुरद लागतं. ते इथं जवळजवळ नाहीच. पाणी भरपूर, ऊन भरपूर, आणि ताटात काही नाही, अशी ही जागा.

मी उभ्यानं, नजरेच्या उंचीवर शोधत होते. कीटक खाणारं झाड म्हणजे निदान गुडघ्याएवढं तरी असेल, हा माझा समज. अर्धा तास गेला. शेवटी भाचीनं ओरडून सांगितलं, "मावशी, थांब! पाय उचलू नको. खाली बघ."

माझ्या चपलेपासून वीतभर अंतरावर गवताला तांबूस झाक आली होती. वाकून पाहिलं तर ते गवत नव्हतं. दोऱ्यासारखी बारीक पानं, प्रत्येक पानावर लालसर केस, आणि प्रत्येक केसाच्या टोकाला एक थेंब. मराठीत याला दवबिंदू म्हणतात. या दोऱ्यासारख्या पानांच्या जातीला गवती दवबिंदू. शास्त्रातलं नाव ड्रॉसेरा इंडिका. तो थेंब दवाचा नाही. दव उन्हात वाळतं, हा वाळत नाही. तो चिकट आहे. निपाणीकडच्या बायकांना सांगायचं तर तंबाखूचं पान हाताळल्यावर बोटांना जो चीक धरतो, तसं काहीतरी. तंबाखूच्या पानालाही बारीक चिलटं चिकटून मरतात, पण तंबाखू त्यांचं काही करत नाही. दवबिंदू करतो. किडा चिकटला की बाजूचे केस हळूहळू त्याच्यावर वाकतात, पाचक रस सुटतो, आणि काही दिवसांनी उरतं ते नुसतं टरफल.

एका पानावर एक चिलट अडकलं होतं. एक पाय हलत होता. माझा हात आपोआप पुढं गेला. आपल्या घरातल्या बाईचा हात तो. पिठात मुंगी दिसली तर ती आधी बाजूला काढायची, मग पीठ चाळायचं, हे शिकवावं लागत नाही. भाची म्हणाली, "काढलंस तर पंख तिथंच राहतील. ते जगणार नाही. आणि हिचा घासही जाईल."

मी हात मागं घेतला. बरोबर केलं की चूक, हे मला आजही ठामपणे सांगता येत नाही. पण एवढं कळलं, की त्या क्षणी माझा दीड पानाचा लेख माझ्या काहीच कामाचा नव्हता. कातळावरची एक खरी गोष्ट समोर आली आणि त्यातलं एकही वाक्य टिकलं नाही.

सीतेची आसवं थोडं पुढं होती. निळी, हजारोंनी, वाऱ्यावर एकाच वेळी मान हलवणारी. कुठलंही रोप उपटायचं नाही, हे आमचं आधीच ठरलं होतं. पण एका डबक्याच्या कडेला शेळ्यांच्या खुरांनी चिखल उकरला होता, आणि त्यात एक काडी आधीच उखडून पडलेली होती. भाचीनं ती तळहातावर घेऊन पाण्यात धुतली आणि भिंग माझ्या हाती दिलं. खालच्या बाजूला पांढरट दोरे होते, आणि त्या दोऱ्यांना लागून राजगिऱ्याच्या दाण्याएवढ्या, काही त्याहूनही बारीक, पारदर्शक पिशव्या.

प्रत्येक पिशवीला एक झडप असते. झाड आतलं पाणी बाहेर टाकतं, त्यामुळं पिशवीच्या भिंती आत दबून ताणल्या जातात. झडपेजवळच्या केसाला पाण्यातल्या एखाद्या सूक्ष्म जीवाचा धक्का लागला की झडप उघडते आणि पाण्यासकट तो जीव आत खेचला जातो. हे सगळं सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या हिशेबात घडतं. झाडांच्या जगात याहून चपळ हालचाली फार थोड्या. आपण पाणी गाळतो ते ज्या डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवांसाठी, तेच हिचं अन्न. माझी आर्यिका!

घरी आल्यावर मी वाचायला बसले. आता खरी समीक्षा.

या झाडांविषयीचं लेखन चार प्रकारचं सापडतं. पहिला प्रकार भयकथेचा. लहानपणी माणूस खाणाऱ्या झाडाची गोष्ट आपल्यापैकी बहुतेकींनी ऐकली किंवा वाचली असेल. तिचा मूळ धागा 1874 सालापर्यंत मागं जातो. न्यूयॉर्कच्या 'वर्ल्ड' या वर्तमानपत्रात त्या वर्षी मादागास्करमधल्या एका झाडाची हकिकत छापून आली. ते झाड माणसं खातं आणि तिथले लोक त्याला बळी देतात, असं त्यात रंगवून लिहिलं होतं. सगळं बनावट होतं. झाड बनावट, ती जमात बनावट, पाहणारा प्रवासीही बनावट. पण गोष्ट जगभर फिरली आणि अजून फिरते. त्या हकिकतीत झाडाच्या तोंडी दिली जाते ती एक बाई, हे मला मुद्दाम नोंदवावंसं वाटतं. घाबरवायचं असलं की बाईला पुढं करायचं, ही लेखकांची सवय जुनी आहे. या प्रकाराचा दोष उघड आहे. त्याला झाड नकोच असतं, राक्षस हवा असतो. राक्षस मोठा लागतो, म्हणून वीतभर रोपाचं माडाएवढं झाड होतं. मी सड्यावर गुडघ्याएवढं झाड शोधत अर्धा तास घालवला, त्याचं कारण लहानपणची ही गोष्टच.

दुसरा प्रकार शाळकरी माहितीचा. 'मांसाहारी वनस्पती' असा मथळा, खाली घटपर्णीचं चित्र, शेजारी माशी पकडणारं अमेरिकेतलं व्हीनसचं झाड. खोटं काही नाही. पण घटपर्णी आपल्या देशात मिळते ती मेघालयात, आणि ते दुसरं झाड मूळचं अमेरिकेतल्या कॅरोलिनाच्या दलदलीतलं. चंदगड, आंबोली, चोर्ल्याच्या सड्यांवर पायाखाली येणाऱ्या दवबिंदूचं नुसतं नाव, यादीत शेवटी. बेळगावच्या पोरीला वाटतं, असलं काही पाहायचं तर विमानानं जावं लागेल. माहिती बरोबर असूनही ती वाचणाऱ्याला त्याच्या अंगणापासून लांब नेत असेल, तर ते लेखन अपुरं, असं मी म्हणेन.

आणि तो मथळा. 'मांसाहारी' हा शब्द आपल्यासारख्या घरात नुसता वर्णनाचा शब्द नाही. त्यात निवाडा आहे. स्वाध्यायात मी आंबोलीची हकिकत सांगितली तेव्हा एक जण चटकन म्हणाल्या, "अगंबाई, म्हणजे झाडंसुद्धा खातात? मग आपण लोकांना काय तोंडानं सांगायचं?" आणि बाहेरच्या एका ओळखीच्या बाईंनी नेमकं उलट ऐकवलं, "बघा हो, तुमच्या भाजीपाल्यातही मांस खाणारे निघाले." दोघींचा घोळ एकाच शब्दानं केला होता.

शब्द खरा किती, ते बघू. दवबिंदूचं पान हिरवं आहे. इतर झाडांसारखंच ते सूर्याच्या उजेडावर आपलं अन्न तयार करतं. किड्यापासून घेतो ते नत्र आणि स्फुरद, जे मातीनं द्यायचं ते मातीत नाही म्हणून. आपल्या भाषेत सांगायचं तर किडा हे त्याचं जेवण नाही, खत आहे. शेतकरी मुळाशी शेणखत घालतो, हे झाड पानातून घेतं. चार्ल्स डार्विनचा मुलगा फ्रान्सिस यानं दवबिंदूची काही रोपं मांस देऊन वाढवली, काही तशीच ठेवली, आणि 1878 मध्ये निष्कर्ष छापले. न खाऊ घातलेली रोपं मेली नाहीत. पण खाऊ घातलेल्यांना बी कितीतरी जास्त आलं. म्हणजे प्रश्न आजच्या पोटापेक्षा पुढच्या पिढीचा जास्त. आयांना हे समजावून सांगायला नको.

तिसरा प्रकार पाहणाऱ्यांचा. यात पहिलं नाव थोरल्या डार्विनचंच घ्यायला हवं. 1860 च्या उन्हाळ्यात इंग्लंडमधल्या ससेक्सच्या माळावर त्यानं दवबिंदूच्या पानांवर मेलेले किडे पाहिले आणि पुढं पंधरा वर्षं तो त्या रोपाभोवती फिरत राहिला. सगळ्या जीवजातींच्या उगमापेक्षा सध्या मला या रोपाचं जास्त पडलंय, असं त्यानं एका मित्राला कळवलं होतं. जीवजातींच्या उगमावरचं त्याचं जगप्रसिद्ध पुस्तक आदल्याच वर्षी निघालं होतं, हे ध्यानात घ्या. कीटकभक्षी वनस्पतींवरचं त्याचं पुस्तक आलं 1875 मध्ये. मला त्यातला स्वयंपाकघरासारखा खटाटोप आवडला. पानावर कधी मांसाचा तुकडा, कधी अंड्याचा पांढरा बलक, कधी दुधाचा थेंब. दुसऱ्या पानावर काच, कोळसा, केसाचा तुकडा. काचेवर केस वाकत, पण लवकर सोडून देत. नत्र असलेल्या पदार्थाला धरून ठेवत. हिरव्या वाटाण्याचं कढवलेलं पाणी दिलं, त्यालाही रोपानं दाद दिली! म्हणजे वरणाचं पाणी चालणारा हा 'मांसाहारी'. आणि केसाच्या अगदी नगण्य तुकड्यानं जागं होणारं हे पान पावसाच्या थेंबांनी हलत नाही. पावसात उगाच दमायचं नाही, एवढं शहाणपण त्याच्या अंगात मुरलेलं आहे.

याच पुस्तकात एका बाईचं नाव आदरानं येतं. मेरी ट्रीट, अमेरिकेतल्या न्यू जर्सीची. नवऱ्यापासून वेगळी झाल्यावर मासिकांत निसर्गावर लेख लिहून तिनं आपला चरितार्थ चालवला. सीतेच्या आसवांच्या कुळातल्या पाणवनस्पती घरी आणून ती भिंगाखाली तासन् तास बघत बसायची. डार्विनला वाटत होतं, ते सूक्ष्म जीव आपल्याच बळानं झडप ढकलून आत शिरत असावेत. मेरीनं जीव आत जाताना प्रत्यक्ष पाहिले, एकदा नव्हे, पुन्हापुन्हा. असं पाहण्यात इतर कुणाहीपेक्षा तिला जास्त यश आलं, हे डार्विननं पुस्तकात कबूल केलं. तिच्या नंतरच्या एका पुस्तकाच्या नावातच 'घर' हा शब्द आहे. घरात बसून निसर्गाचा अभ्यास. आपण घरकामातल्या बायका, आम्हाला कुठं जमायचं, असं म्हणणाऱ्या मैत्रिणींसाठी हे सांगितलं. मीही घरातच बसून लिहिलं होतं. फरक इतकाच की ती बघत होती आणि मी बघत नव्हते.

चौथा प्रकार आपल्या समाजातला, आणि त्यावर बोलायला मला थोडं धैर्य गोळा करावं लागतंय. ही हकिकत ऐकल्यावर काही जण लगेच म्हणतात, "आपल्या शास्त्रात हे आधीच सांगितलंय." काय सांगितलंय? वनस्पती जीव आहे, तिला एकच इंद्रिय, स्पर्शाचं. अळीला दोन, मुंगीला तीन, भुंग्या-माशीला चार, माणसाला पाच. आहार, भय, मैथुन आणि परिग्रह या चार संज्ञा मात्र एकेंद्रियापासून सगळ्यांना. झाडालाही खाण्याची ओढ आहे, हे आपल्या आचार्यांनी मानलं, आणि युरोपात अठराव्या शतकात लिनेअससारख्या मोठ्या शास्त्रज्ञालाही, किडे धरणारं झाड ते खातं, हे पटलं नव्हतं. याचा अभिमान मलाही आहे. पण केसाच्या टोकावर किती वजन ठेवलं की तो वाकतो, हे शास्त्रात नाही, आणि ते सांगणं हा शास्त्राचा हेतूही नाही. शास्त्र मला माझ्या वागण्याविषयी सांगतं. झाडाविषयी विचारायचं तर झाडाजवळ बसायला लागतं. दोन्हींची सरमिसळ केली की दोन्हींचा अपमान होतो.

उलट, प्रामाणिकपणे वाचलं तर अवघड प्रश्न उभा राहतो. काच सोडायची आणि वाटाण्याचं पाणी धरायचं, ही निवड नुसत्या स्पर्शाची, की त्यात चवही आली? चव म्हणजे रसना, म्हणजे दुसरं इंद्रिय. मी हा प्रश्न स्वाध्यायात ठेवला. कुणी रागावलं नाही, हे आमच्या बायकांचं मोठेपण. एक वृद्ध काकू म्हणाल्या, "इंद्रियं किती ते पंडित बघतील. मला एवढंच सांग, त्याला नको म्हणता येतं काय?"

काकूंनी मुद्द्यावर बोट ठेवलं. एकेंद्रिय जीव चतुरिंद्रियाला खातो, ही गणती वाचून आपण दचकतो. पण संयमाची अपेक्षा ज्याला मन आहे, ज्याला हे सोडून ते घेता येतं, त्याच्याकडून. दवबिंदू चतुर्दशीला उपवास धरू शकत नाही. तो हिंसकही नाही आणि माझ्या लेखातल्यासारखा अहिंसकही नाही. हे दोन्ही शब्द आपल्यासाठी आहेत. ते झाडावर चिकटवले की आपण त्यांतून मोकळे होतो, म्हणून तर ते चिकटवायला इतके सोपे जातात.

सीतेची आसवं हे लोकांनी दिलेलं नाव सुंदर आहे, मी ते सोडणार नाही. पण त्या नावाच्या आधारानं मी काय केलं तेही सांगते. लोककथेतली सीता रडते, शेवटी जमीन दुभंगून तिला पोटात घेते. आपल्या पद्मपुराणातली सीता तसं करत नाही. अग्निपरीक्षेनंतर ती आपले केस उपटून दीक्षा घेते, आर्यिका होते. मी फुलाचं नाव लोकांच्या सीतेकडून घेतलं, आर्यिका आपल्या पुराणातून घेतली, दोन्हींची शिवण घातली आणि खाली फूल आहे की नाही हे पाहिलंच नाही. दीक्षा हा सीतेनं स्वतः घेतलेला निर्णय. तो निर्णय न घेऊ शकणाऱ्या रोपाला आर्यिका म्हणण्यात मी रोपाचा नव्हे, आर्यिकेचाच मान कमी केला.

अशा लेखनानं बिघडतं काय, फुलाला थोडंच वाचता येतं, असं कुणी म्हणेल. बिघडतं. कास पठार 2012 मध्ये जागतिक वारशात गेलं, आणि निळा गालिचा पाहायला इतकी गर्दी होऊ लागली की माणसांच्या संख्येवर मर्यादा घालायची वेळ आली. गालिचा म्हटलं की पाय पडणारच. आपण लेखकांनीच तो शब्द दिला. आंबोलीत मीही पाय टाकतच होते, भाचीनं ओरडून थांबवलं म्हणून. आपले मुनी चातुर्मासात विहार करत नाहीत, कारण त्या दिवसांत जमिनीवर जीव दाटलेले असतात. त्याच दिवसांत मी हौसेनं सड्यावर गेले. नंतर आम्ही उघड्या कातळावरूनच चाललो, हिरव्यावर पाय दिला नाही. तरी आधीचा अर्धा तास माझ्या खाती आहेच.

आणि जांभ्याच्या याच धुऊन गेलेल्या खडकात बॉक्साइट असतं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या सड्यांवर त्याच्या खाणी झाल्या. आमच्या काकतीजवळ यमनापूरला त्याचा कारखाना आहे, आम्ही रोज त्यावरून जातो. माझ्या स्वयंपाकघरात अॅल्युमिनियमची दोन पातेली आहेत. झाड किडा खातं याचा निवाडा करायला बसलेल्या बाईनं आपल्या फळीवरही एकदा नजर टाकावी, एवढंच. पातेली मी फेकून दिली नाहीत. परिग्रहाचा विषय निघाला की आता ती मला दिसतात.

भाचीनं विचारलं होतं, हल्ली असली झाडं कुंडीत विकत मिळतात, एक आणू का. मी नको म्हटलं. जे रोप उपाशी कातळासाठी घडलं आहे, त्याला माझ्या खिडकीत ठेवून मी काय बघणार?

यंदा दशलक्षणात उत्तम सत्याच्या दिवशी मी स्वाध्यायात उभी राहिले आणि जुन्या लेखातला तो परिच्छेद वाचून दाखवला. मग तो मागं घेतला, आणि त्याच्या जागी हे लिहून आणलेलं वाचलं:

सह्याद्रीच्या कातळावर पावसाळ्यात एक निळं फूल येतं. तिथली माती त्याला पुरेसं काही देत नाही, म्हणून ते चिखलातल्या बारीक पिशव्यांनी पाण्यातले जीव धरतं. ते आपल्यासाठी उदाहरण नाही, आणि आपल्यासाठी सबबही नाही. बघायला गेलात तर कातळावरून चाला.

वाचून झाल्यावर क्षणभर कुणी बोललं नाही. मग काकूंनी विचारलं, "फळ्यावर लिहू काय गं?" मी म्हटलं, "लिहा."